बाटल्या विकून उभी राहिलेली श्रीमंती?

जे. जे. रुग्णालयाचे जमशेटजी जीजीभॉय रिकाम्या बाटल्या विकून श्रीमंत झाले, ही गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते. बाटल्यांचा धंदा खरा त्यांच्या सासऱ्यांचा. जमशेटजींनी तिथे उमेदवारी केली आणि 'बाटलीवाला' हे नाव चिकटलं, इतकंच. पैसा आला तो चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून. (अफूचा उल्लेख कौतुकाच्या भाषणांत सहसा गाळतात.) १८०५ मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या 'ब्रन्सविक' जहाजावर तिथला डॉक्टर आणि पुढे चीनमधला बडा अफू-व्यापारी झालेल्या विल्यम जार्डिनशी गाठ पडली, तीच पुढे कामी आली.

माहीमचा कॉजवे मात्र पत्नी अवाबाईंच्या पैशातून झाला. आणि टाटा? ते जमशेटजी वेगळे! १८५९ मध्ये जीजीभॉय वारले, तेव्हा टाटा जेमतेम २० वर्षांचे होते.