अर्धशिशीवर व्यायाम कसा आला

अर्धशिशी उठली की आपल्याकडे खिडक्या लावून घेतात, डोक्याला फडकं आवळून बांधतात, कपाळावर सुंठ उगाळून लावतात. अशा वेळी जिना चढला तरी ठणका वाढतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ‘अर्धावभेदका’ची, म्हणजे अर्धशिशीची, कारणं दिली आहेत, त्यांत रूक्ष अन्न, दव, मलमूत्रासारखे वेग अडवून धरणं यांच्या जोडीला श्रम आणि व्यायामही आहेत. ज्याने दुखणं वाढतं त्यालाच उपाय मानायला वेळ लागणारच.

आधी आलं ते अंग सैल सोडणं. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये त्याची रीतसर पद्धत पुस्तकात मांडली. मूठ आवळायची, दंडापर्यंतचा ताण नीट जाणवू द्यायचा, मग सोडून द्यायची. असा एकेक स्नायू. पुढे जर्मनीत योहानेस शुल्ट्झ यांनी ‘हात जड होतोय, उबदार होतोय’ असं मनाशी म्हणत शांत होण्याची रीत शिकवली.

या उबदार हाताचा मायग्रेनशी, म्हणजे अर्धशिशीशी, संबंध मात्र अवचित लागला. अमेरिकेत टोपेका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये प्रयोग चालू असताना एका बाईचं मायग्रेन अचानक उतरलं आणि त्याच वेळी तिच्या हाताचं तापमान दोन मिनिटांत सुमारे १० अंश फॅरनहाइटने चढलेलं दिसलं. मग बोटाला तापमापक लावून रुग्णांना हात गरम करायला शिकवणं सुरू झालं. १९७० मध्ये याच प्रयोगशाळेत आपल्याकडचे योगी स्वामी राम यांनी एकाच तळहाताच्या दोन भागांचं तापमान वेगवेगळं करून दाखवलं होतं. डोक्यातलं रक्त हाताकडे उतरतं म्हणून दुखणं थांबतं, असं तेव्हा समजावून सांगत. मायग्रेन म्हणजे निव्वळ रक्तवाहिन्या फुगणं, हा समज पुढे मागे पडला. उपाय मात्र टिकला. ‘ताण घेऊ नकोस’ एवढं सांगून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. सैल होणं हे शिकावं लागतं, रोज घोटावं लागतं.

व्यायामाची नीट परीक्षा व्हायला २०११ उजाडलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ९१ रुग्णांचे तीन गट केले: एकाला आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला शिथिलीकरण, तिसऱ्याला टोपिरामेट या मायग्रेन टाळण्याच्या औषधाच्या गोळ्या. तीन महिन्यांनी तिन्ही गटांचे झटके जवळजवळ सारखेच कमी झाले होते, महिन्याला साधारण एकाने. औषधाचा त्रास झाला तो फक्त गोळ्यांच्या गटातल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाला. हा व्यायाम दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांतला. डोकं ठणकत असताना पळायला कोणी सांगितलेलं नाही.

२०२० मध्ये दिल्लीच्या एम्सचा योगावरचा अभ्यास आला. ११४ जणांनी तो पूर्ण केला. औषधं दोन्ही गटांना चालू होती. एका गटाला त्याबरोबर योग, महिनाभर शिक्षकासमोर आणि पुढचे दोन महिने घरी. त्या गटाच्या गोळ्या ४७ टक्क्यांनी घटल्या, नुसत्या औषधवाल्यांच्या १२ टक्क्यांनी.