जैवखूण वायू

सजीवांनी वातावरणात सोडलेला आणि दुरून वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार विभागलेल्या प्रकाशात, ओळखता येणारा वायू. असे वायू बहुधा लहान रेणूंचे असतात, कारण मोठे रेणू सहसा वायुरूपात राहत नाहीत. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेला, यावरून तिथले रेणू कळतात.

एकटा वायू फारसे सांगत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ मध्ये रासायनिक असंतुलनाची कसोटी सुचवली. ऑक्सिजन आणि मिथेन एकमेकांशी अभिक्रिया करून संपतात; दोन्ही एकत्र टिकून असतील तर त्यांची भर सतत पडत असली पाहिजे. डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलेल्या गॅलिलिओ यानाला आपल्या वातावरणात नेमकी हीच जोडी दिसली.

पण परके जीव पृथ्वीवरच्यासारखेच वायू सोडतील, हे कशावरून? सारा सीगर, विल्यम बेन्स आणि यानुश पेटकोव्स्की या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली. हायड्रोजन वगळता जास्तीत जास्त सहा अणूंचे, स्थिर आणि वायुरूपात राहू शकणारे सुमारे १४,००० रेणू त्यांनी यादीत घेतले. यादी मोठी झाली खरी, पण त्यांतल्या बहुतेकांचे वर्णपट नीट मोजलेले नाहीत, आणि वर्णपटाविना रेणू ओळखायचा कसा?

फॉस्फीन या फॉस्फरस व हायड्रोजनच्या वायूचे प्रकरण बोलके आहे. गुरू व शनीच्या तप्त अंतर्भागात तो जीवसृष्टीविना बनतो. शुक्राच्या ऑक्सिडीकृत (ऑक्सिजनयुक्त संयुगांनी भरलेल्या) वातावरणात मात्र तो टिकू नये. सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्ह्‌ज यांच्या गटाने शुक्रावर दर अब्ज रेणूंमागे सुमारे २० फॉस्फीन रेणू असल्याचे जाहीर केले. त्यासाठी वापरलेल्या चिलीतील आल्मा रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर आकडा बराच उतरला. त्यातच सल्फर डायऑक्साइडची शोषणरेषा फॉस्फीनच्या रेषेला जवळजवळ खेटून आहे. वाद मिटलेला नाही.

सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाचेही तसेच. तिथे मिथेन व कार्बन डायऑक्साइड दिसल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. २०२५ मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याच जातीच्या रेणूच्या खुणा दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी वनस्पतिप्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे) तयार होतो, म्हणून बातमी गाजली. इतर गटांना त्याच नोंदींत ठोस संकेत आढळला नाही. शिवाय ६७पी या धूमकेतूच्या वायूंतही डायमिथाइल सल्फाइड सापडले आहे, आणि तिथे तर समुद्रच नाही.