सीसीआर५ हे काही फुकटचं प्रथिन नाही

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: ‘सीसीआर५ हे प्रथिन एचआयव्हीला पेशीत घेतं. शरीराला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते नसलेल्यांना एड्स होतच नाही.’ पहिलं वाक्य खरं. पुढचं मात्र तपासून घ्यावं असं.

सीसीआर५ असतं टी-पेशी, मॅक्रोफेज अशा रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर. संसर्ग किंवा दाह झालेल्या जागी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सुटतात. त्यांतली काही सीसीआर५ ओळखतं आणि जिकडे त्यांचं प्रमाण जास्त, तिकडे पेशी सरकू लागते. शेव-उसळीच्या तर्रीचा वास आला की आपली पावलं वळतात तशी. एचआयव्ही या व्यवस्थेचा गैरफायदा घेतो: आधी पेशीवरच्याच सीडी४ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतो, मग सीसीआर५ पकडून आत शिरतो. हे १९९६ मध्ये उलगडलं.

सीसीआर५ बनवणाऱ्या जनुकातला ३२ डीएनए-अक्षरांचा तुकडा काहींत गळालेला असतो. दोन्ही प्रती तशा असल्या तर एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांची वाट बंद होते. सगळ्यांची नाही, काही प्रकार त्याऐवजी सीएक्ससीआर४ हे पेशीवरचं दुसरं प्रथिन वापरतात. शिवाय असे लोक उत्तर युरोपीय वंशातही जेमतेम १ टक्का. आपल्याकडे तर फारच विरळा. तेव्हा त्या भरवशावर कुणी निरोध सोडू नये!

आणि ‘उपयोग नाही’? वेस्ट नाइल विषाणूची लागण झाल्यावर आजार बळावण्याचा धोका सीसीआर५ नसलेल्या याच लोकांत जास्त आढळला आहे.