मार्टिनिकमधली २२ मेची सुट्टी: पार्श्वभूमी आणि कामाच्या ठिकाणचे नियम

फ्रान्सच्या कामगार कायद्यात वर्षाला ११ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. मार्टिनिक हे कॅरिबियन बेट फ्रान्सचाच भाग, पण तिथे त्या १२ होतात. बारावी २२ मे, गुलामगिरी संपल्याचा दिवस. हीच सुट्टी शेजारच्या ग्वादलूपमध्ये २७ मेला असते आणि सेंट मार्टिनमध्ये २८ मेला. सेंट बार्थेलेमीत ती ९ ऑक्टोबरला येते, कारण ते बेट तेव्हा स्वीडनकडे होते आणि तिथली गुलामगिरी १८४७ सालीच संपली.

पॅरिसमध्ये गुलामगिरीविरोधी राजकारणी व्हिक्तोर शेल्शेर यांच्या पुढाकाराने गुलामगिरी रद्द करणाऱ्या हुकुमावर २७ एप्रिल १८४८ रोजी सह्या झाल्या. त्यात एक मेख होती: प्रत्येक वसाहतीत हुकूम जाहीर झाल्यावर दोन महिन्यांनी तो लागू होणार होता. मार्टिनिकमधले गुलाम तेवढे थांबले नाहीत. सें-पिएर शहराजवळच्या एका मळ्यात मालकाची मनाई झुगारून रोमँ नावाच्या गुलामाने ढोल वाजवला, म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. लोक शहरात जमले. उपमहापौर पोरी-पापी यांनी त्याला सोडवलं, पण नंतर गोळीबार झाला, माणसं मेली आणि २२ मेच्या रात्री शहर पेटलं. २३ मेला गव्हर्नर रोस्तोलाँ यांनी गुलामगिरी रद्द झाल्याचं जाहीर केलं. पॅरिसचा हुकूम घेऊन येणारा अधिकारी जूनमध्ये पोहोचला. तोवर ग्वादलूपच्या गव्हर्नरनेही २७ मेला तशीच घोषणा केली होती.

म्हणूनच कुठली तारीख पाळायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पॅरिसची तारीख धरली तर स्वातंत्र्य वरून मिळालेलं दान वाटतं. २२ मे धरली तर ते लोकांनी घेतलेलं असतं, आणि इतिहास त्याच बाजूचा आहे. १९८३च्या कायद्याने या दिवसाला सुट्टीचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या आदेशाने प्रत्येक प्रदेशाची तारीख वेगळी ठरवली. वाद मात्र शमलेला नाही. २२ मे २०२० रोजी मार्टिनिकमध्ये शेल्शेर यांचे दोन पुतळे आंदोलकांनी फोडले.

मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी मळे सोडले, तेव्हा मालकांनी भारतातून करारबद्ध मजूर आणले. त्यांचं पहिलं जहाज ‘ऑरेली’ मे १८५३ मध्ये मार्टिनिकला लागलं. या मजुरांच्या आगमनाच्या नावाने तिथे सुट्टी नाही.

आता कामाचं. कायद्याने सक्तीची बंद सुट्टी फक्त १ मे. ज्यांचं काम थांबवताच येत नाही तिथे त्या दिवशी काम करून घेतलं, तर दुप्पट पगार द्यावा लागतो. २२ मेला मात्र आस्थापना चालू ठेवता येते आणि जादा मोबदला सामूहिक करारात (मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारात) असेल तरच मिळतो. त्यामुळे आधी आपल्या क्षेत्राचा करार उघडून पाहावा. आस्थापना बंद ठेवली तर तिथे एकूण तीन महिने काम झालेल्यांचा पगार कापता येत नाही आणि बुडालेले तास नंतर भरून घेता येत नाहीत. हंगामी मजुरांचे त्याच मालकाकडचे सगळे करार, लागोपाठचे असोत वा नसोत, एकत्र मोजले जातात. ऊसतोडीचा हंगाम मेमध्येही चालू असतो, त्यामुळे हा मुद्दा तिथे फार महत्त्वाचा. मोजणी चुकली की मजुराची एका दिवसाची मजुरी जाते.

दुसरी चूक हमखास होते ती पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये. मुख्य कार्यालय पॅरिसला असेल तर कॅलेंडर ११ सुट्ट्यांचंच भरलेलं असतं आणि २२ मे साधा कामाचा दिवस म्हणून निघून जातो. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक बेटासाठी वेगळं कॅलेंडर लावावं. सुट्टी रविवारी आली, जशी २०२२ मध्ये आली होती, तर कायद्याने बदली सुट्टी मिळत नाही.

मे महिना तसाही गजबजलेला: १ मे, ८ मे, बहुतेक वर्षी ईस्टरनंतर येणारे दोन ख्रिस्ती सण, स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवारही. २०२६ मध्ये २२ मे शुक्रवारी आणि पेंटेकॉस्टचा सोमवार २५ला, म्हणजे सलग चार दिवस. पण काही कंपन्या हाच सोमवार ‘एकजुटीचा दिवस’ म्हणून धरतात. २००३च्या उष्णतेच्या लाटेनंतर, वृद्ध आणि अपंगांच्या मदतनिधीसाठी हा दिवस आला. मासिक पगारदाराला त्यात सात तासांपर्यंत वेगळ्या मोबदल्याशिवाय काम करावं लागतं. आपल्या कंपनीने त्यासाठी कुठला दिवस ठरवलाय, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं.