लघवीत जंतू सापडले, पण आजार आहे का?

कल्चरच्या (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘ई. कोलाय, एक लाखाहून जास्त’, म्हणजे दर मिलिलिटरला एवढे जंतू, असं छापून आलं की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, गोळी कुठली? रिपोर्ट कोणाचा आहे, हे त्याआधी बघायला हवं. समजा, हाच आकडा जळजळीने हैराण झालेल्या तरुणीचा आहे, काहीच त्रास नसलेल्या गरोदर बाईचा आहे, आणि तसाच त्रास नसलेल्या ऐंशीच्या आजोबांचाही आहे. पहिल्या दोघींना औषध लागेल. आजोबांना नाही.

ई. कोलाय हा आतड्यातला रहिवासी. तिथे तो निरुपद्रवी असतो, गडबड होते ती मूत्रमार्गात शिरल्यावर. बायकांचा हा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण २० सेंटिमीटरचा, त्यामुळे बायकांना हा त्रास कितीतरी जास्त होतो. लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून का जात नाहीत? काही जातात. पण या जंतूच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज नावाच्या शर्करेला धरून बसतं. गंमत म्हणजे प्रवाहाची ओढ बसली की ही पकड सुटण्याऐवजी आवळते.

तरुण, एरवी निरोगी बाईला लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं असेल आणि अंगावरून पांढरं जात नसेल, तर डॉक्टर बहुतेकदा लक्षणांवरूनच निदान करतात. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. मात्र नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या असं काही असेल तर संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यायची आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या न गिळता डॉक्टर गाठायचा.

गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब पडतो आणि लघवी तुंबते. त्रास नसला तरी या जंतूंकडे दुर्लक्ष केलं, तर बऱ्याच जणींत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच कल्चर करतात आणि जंतू निघाले तर उपचारही.

तान्ह्या बाळाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. कारण न सापडणारा ताप, दूध न ओढणं, उलट्या, किरकिर एवढ्यावरूनच ओळखायचं. त्यातून लघवीत बुडवायच्या पट्टीची तपासणीही फसवते. पट्टीवर नायट्राइट (जंतू लघवीत तयार करतात ते रसायन) दिसायला जंतूंना मूत्राशयात साधारण चार तास मिळावे लागतात, आणि बाळं तर सारखी शू करतात. पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून खात्रीसाठी बारीक नळीने नमुना घेतात. आईबापांना ते क्रूर वाटतं, पण चुकीच्या रिपोर्टवर दिलेल्या औषधांपेक्षा ते बरं.

पुरुषांत प्रोस्टेटचा प्रश्न असू शकतो, म्हणून कल्चर करायचंच, आणि औषधही सहसा जास्त दिवस लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो वयस्कर माणसांच्या बाबतीत. म्हातारपणी लघवीत जंतू असणं फार सामान्य आहे, आणि महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर ते जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत सापडतात, कारण नळीच्या आतून त्यांचा बुळबुळीत थर बसतो. लघवी गढूळ झाली, वास आला, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करणं मला पटत नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले आणि लघवीत जंतू निघाले, की खापर जंतूंवर फुटतं. पाणी कमी पडलंय का, नवीन औषध सुरू झालंय का, पोट साफ होतंय का, हे कोणी विचारत नाही. ताप किंवा लघवीचा नवा त्रास नसेल तर आधी हे तपासावं आणि माणसावर बारीक लक्ष ठेवावं. विनाकारण दिलेल्या औषधाने जंतू संपत नाहीत, चिवट तेवढे मागे उरतात.

पाळी गेल्यानंतर वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमचा चांगला उपयोग होतो. हे डॉक्टरांना आपणहून विचारायला हरकत नाही. आणि औषधाने जळजळ थांबली असेल, तर ‘जंतू गेले का’ हे बघायला पुन्हा कल्चर करायची सहसा गरज नसते, अपवाद गरोदर बायकांचा.