जुन्या ट्रकचा हौदा: लेपाखाली चालणारी बॅटरी

जुन्या ट्रकच्या हौद्यातला लेप झिजलाय, पत्रा दिसायला लागलाय, काय करू, असं कुणालाही विचारा. ‘वरून एक जाडसर थर मारून टाका’ हे उत्तर ठरलेलं. त्यामागचा विचार साधा आहे: गंजायला पाणी लागतं, लेप पाणी अडवतो, म्हणून लेप जितका जाड तितका पत्रा सुरक्षित. यातली पहिली गोष्ट बरोबर आहे, दुसरी चुकीची. आणि ती चुकीची असल्यामुळेच भरपूर लेप फासलेले हौदे काही महिन्यांतच फुगे धरतात आणि त्यांचे पोपडे निघतात.

जे. ई. ओ. मेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हा समज हिशोबानेच मोडून काढला. उघडं लोखंड गंजताना किती पाणी आणि किती ऑक्सिजन खर्च होतो ते त्यांनी पाहिलं आणि रंगाच्या थरातून किती पाणी आणि ऑक्सिजन आरपार जातो त्याच्याशी ते ताडून पाहिलं. रंगातून ये-जा करणारं पाणी गंजण्याच्या गरजेपेक्षा जास्तच निघालं. म्हणजे उत्तम रंग दिलेल्या पत्र्यापर्यंतही पाण्याचे रेणू रोज पोहोचत असतात, आणि तरी तो गंजत नाही.

का गंजत नाही? कारण चांगला लेप दोन कामं करतो. एक, तो आयन अडवतो. पाण्याचा रेणू लहान आणि विद्युतभाररहित असतो, तो सटकतो. पण सोडियम, क्लोराइड असे भारित कण लेपातून फार कष्टाने सरकतात. दुसरं, तो पत्र्याला इतका घट्ट चिकटलेला असतो की आत आलेल्या पाण्याच्या रेणूंना एकत्र जमून थेंब व्हायला जागाच मिळत नाही. थेंब नाही, आयनांची हालचाल नाही, म्हणजे विद्युतमंडल पूर्ण होत नाही. गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे.

हे डोळ्यांनी दाखवणारा एक अप्रतिम प्रयोग आहे. केंब्रिजच्या यु. आर. इव्हान्स यांनी तो 1920 च्या दशकात केला. लोखंडाचा पत्रा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच दोन रसायनं मिसळलेली असतात: फिनॉल्फथॅलिन, जे अल्कली तयार झालं की गुलाबी होतं, आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, जे विरघळलेलं लोखंड भेटलं की गडद निळं होतं. सुरुवातीला घासल्याच्या रेषांवर निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोडा वेळ थांबलं की चित्र आपोआप आवरतं. थेंबाचा मध्य निळा, कडेने गुलाबी कंकण, आणि दोहोंच्या मध्ये हळूहळू उमटणारी तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजे गंज.

थेंबाच्या कडेला पाणी उथळ असतं, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी आधी होता तेवढा ऑक्सिजन संपतो आणि नवा पोहोचायला वेळ लागतो. मग कामाची वाटणी होते. मध्यात लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, हा ॲनोड. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांच्या साहाय्याने हायड्रॉक्सिल आयन बनवतात, हा कॅथोड. एकाच थेंबाखाली, एकाच पत्र्यावर, एक पूर्ण बॅटरी. लोखंड झिजतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी, आणि गंज दिसतो तो तिथून थोडा बाजूला. दिसणारा गंज आणि होणारं नुकसान यांच्या जागा वेगळ्या असू शकतात, हे दुरुस्ती करणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं.

आता थेंबाच्या जागी हौद्यातला ओरखडा ठेवा. वाळू आणि खडीतलं क्वार्ट्झ हे खनिज कठीणपणा मोजायच्या मोह्‌सच्या प्रमाणावर 7 इतकं कठीण असतं, त्यामुळे मालाखाली अडकलेला प्रत्येक कण लेप कापत जातो आणि एक दिवस पत्रा उघडा पडतो. ओरखड्याच्या मध्यावर गंजाचं झाकण बसतं आणि त्याखाली ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून तिथे ॲनोड. ऑक्सिजन मिळतो तो कडेने, लेपाच्या काठाखालून. म्हणून कॅथोड नेमका चांगल्या दिसणाऱ्या लेपाच्या काठाखाली तयार होतो. तिथे हायड्रॉक्सिल आयन साठत जातात आणि त्यांचा भार तोलायला मिठातले सोडियम आयन ओरखड्यातून कडेकडे सरकतात. थोडक्यात, लेपाखाली कॉस्टिक सोडा तयार होतो. त्या चिंचोळ्या फटीतला सामू (pH) 12 च्याही वर जातो.

इतक्या तीव्र अल्कलीत लेपाची पकड टिकत नाही. साध्या तेली रंगात, म्हणजे अल्किड रंगात, अल्कलीत तुटणारे एस्टरचे बंध असतात. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो. साबणाच्या कारखान्यातली तीच अभिक्रिया इथे रंगाच्या पोटाशी चालते. रंगाचा खालचा थर मऊ होतो आणि पत्र्यापासून सुटतो. इपॉक्सीत असे एस्टर बंध सहसा नसल्यामुळे तो बराच तग धरतो, पण पत्रा आणि लेप यांच्यामधला ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर कमजोर पडतो आणि अखेर तोही सुटतो. काठ सुटला की पाणी आत शिरतं, कॅथोड पुढे सरकतो, पुढचा काठ सुटतो. त्यातच गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून जिथे तो साचतो तिथे लेपाला खालून ढकलतो.

अशा हौद्यावर नुसता वरून थर दिला तर काय होईल? आतले क्षार तिथेच राहतात आणि परासरण सुरू होतं, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी खारट बाजूकडे ओढलं जातं. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवलेल्या असतात; इथे नवा लेप ही मनुकेची साल, आत क्षार आणि बाहेर पावसाचं जवळपास शुद्ध पाणी. समुद्राच्या पाण्याइतकं खारट द्रावण आत असलं तरी शुद्ध पाण्याच्या तुलनेत परासरण दाब हवेच्या दाबाच्या पंचवीसपट तरी भरतो. त्यापुढे लेपाचं काही चालत नाही. जाड थर दिला तर फुगा उशिरा दिसतो, एवढाच फरक.

बाजारात एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते. ट्रकच्या बॅटरीला जोडली की सगळी बॉडी गंजायची थांबते, असा दावा असतो. जहाजाचा पाण्यातला भाग किंवा जमिनीतली पाइपलाइन विजेने खरोखर वाचवता येते, कारण तिथे लोखंडाभोवती समुद्राचं पाणी किंवा ओली माती सलग असते आणि मंडल पूर्ण होतं. रस्त्यावरच्या ट्रकभोवती हवा असते. विज्ञानाचे शब्द उसने घेऊन केलेल्या या जाहिरातीवर एक पैसाही घालवू नये. हौद्यात जुनं इंजिन ऑइल फासण्याचा सल्लाही असाच. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, आणि एकदा ते सांध्यांत मुरलं की पुढे कुठलाही लेप धड चिकटत नाही.

मग दुरुस्ती करायची ती काठापासून. ओरखड्याभोवतीचा लेप जिथपर्यंत सुटलाय तिथपर्यंत काढायलाच हवा, आणि ते नजरेला कळत नाही. धारदार पात्याने लेपावर पत्र्यापर्यंत फुलीसारख्या दोन चिरा द्याव्यात, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर लेप आला तर अजून मागे सरकायचं. घट्ट लेप लागला की तिथे काठ पॉलिश पेपरने उतरता करायचा.

उघडा केलेला पत्रा घासण्याआधी ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावा, नाहीतर तेलकटपणा घासून आणखी पसरतो. मग वायर ब्रश किंवा ग्राइंडर. पण नुसता चकचकीत पत्रा फसवतो. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी लोखंडाचं क्लोराइड दडून बसलेलं असतं आणि ते घासून निघत नाही, पाण्यात विरघळूनच निघतं. म्हणून स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावं, वाळवावं, आणि एक रात्र तसंच ठेवावं. सकाळी ज्या खड्ड्यांवर काळपट ओलसर ठिपके उठतील तिथे क्षार शिल्लक आहेत. पुन्हा धुवावं, पुन्हा घासावं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केच पुरतात. असे क्षार लागलेला ट्रक कोरड्या वाटणाऱ्या दिवशीही आतून ओला असतो.

खड्ड्यांत उरलेल्या पातळ, घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर चालतो. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाचं निळसर काळ्या फेरिक टॅनेटमध्ये रूपांतर करतं. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर मात्र त्याचा उपयोग नाही. वरचा पापुद्रा काळा होतो, खालचा तसाच राहतो.

प्रायमर म्हणजे पत्र्याला थेट लागणारा पहिला थर. जस्ताचा प्रायमर कशावरही मारला तरी पत्रा वाचतो, हा गैरसमज फार पसरलाय. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे दोन्ही जोडलेली असली की आधी जस्त झिजतं. हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तळावरचं तांबं जस्त आणि लोखंड जोडून वाचवलं ते याच तत्त्वावर. पण ‘जोडलेली’ हा शब्द महत्त्वाचा. प्रायमरमधले जस्ताचे कण एकमेकांना आणि उघड्या पत्र्याला टेकलेले असले तरच इलेक्ट्रॉन वाहतील. गंजावर किंवा जुन्या रंगावर मारलेला जस्ताचा प्रायमर फक्त राखाडी रंग आहे. हौद्याच्या दुरुस्तीला, जिथे पत्रा शंभर टक्के उघडा करणं अवघड असतं, तिथे मी इपॉक्सी प्रायमरच निवडेन.

प्रायमर मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा, किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त हवं, नाहीतर न दिसणारं दव लेपाखाली कायमचं अडकतं. वरचा लेप पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा. दोन्हींत आयसोसायनेट हे चटकन अभिक्रिया करणारं रसायन असतं; पॉलियुरियात ते अमाइन या दुसऱ्या घटकाशी इतक्या वेगाने जुळतं की काही सेकंदांत घट्ट होतं, म्हणून त्याला खास फवारणी यंत्र लागतं. पॉलियुरेथेन ब्रश किंवा रोलरने लावता येतं, पण आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि दमट पृष्ठभागावर लेपात बुडबुडे राहतात ते त्यामुळेच. हे लेप मऊ असूनही टिकतात: खडीचा कण रुतला की ते दबतात आणि परत उसळतात. कडक रंग मात्र तिथे कापला जातो. आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. फवारणी करताना धुळीचा साधा मास्क पुरत नाही; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो.

केबिनच्या तळाचं दुखणं वेगळं. तिथे खडी नसते, पण रबरी मॅटखाली बुटांचं पाणी दिवसेंदिवस अडकतं, आणि मूळ डांबरी थराला वयानुसार तडे गेलेले असतात. पत्रा किती भिजला यापेक्षा किती वेळ ओला राहिला याला जास्त महत्त्व आहे. मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने संशयाच्या जागा दाबून बघाव्यात. टोक आरपार गेलं तर तिथे लेपाचं काम संपलं. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या खालच्या बाजूचा लेप जळतो आणि वरून ते दिसत नाही. म्हणून जोड थंड झाल्यावर ट्रकखाली जाऊन ती बाजूही घासायची, प्रायमर द्यायचा, आणि बंद पोकळ्यांमध्ये लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ्यांसाठीचं मेण, सोडायचं.