सॉर्सरर म्हणजे वही हरवलेला विझार्ड नव्हे

"एल्फ सॉर्सरर, वय चारशे, गूढविद्येच्या एका गुप्त मंडळाचा प्रमुख. त्याचं स्पेलबुक तळघरात लपवलेलं आहे. ते जाळलं की त्याची सगळी शक्ती संपते."

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं वठवायच्या खेळाची नवी कॅम्पेन (लांबलचक कथा) लिहिणारी मंडळी मला वाचायला देतात त्या खलनायकांपैकी निम्मे तरी असेच निघतात. माणूस छान, मंडळ छान, तळघरही छान. फक्त हा सॉर्सरर नाही, विझार्ड आहे. सॉर्सररकडे स्पेलबुक, म्हणजे स्पेल (जादूचे मंत्र) उतरवायची वही, नसतंच, मग जाळणार काय?

थोडा दोष आपल्या भाषेचा आहे. मराठीत खेळताना दोघांनाही आपण सरसकट "जादूगार" म्हणतो आणि तिथेच सगळी खिचडी होते. पण इंग्रजीतही हा घोळ जुनाच आहे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत सॉर्सरर नावाचा वेगळा क्लास (पात्राचा प्रकार) नव्हता. मॅजिक-यूझर होता, आणि लेव्हल वाढेल तसं त्याचं बिरुद बदलायचं: आठव्याला वॉरलॉक, नवव्याला सॉर्सरर, अकराव्याला विझार्ड. म्हणजे हे तिन्ही शब्द तेव्हा एकाच माणसाच्या बढतीचे हुद्दे होते. सॉर्सररला स्वतःचा क्लास मिळाला तो २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्या आवृत्तीत एल्फांचा आवडता क्लास विझार्ड ठरवलेला होता, त्यामुळे "एल्फ म्हणजे पुस्तकी जादू" हे डोक्यात आणखी पक्कं बसलं.

विझार्ड तुम्हाला ठाऊक आहे. शिकतो, वहीत उतरवतो, सकाळी उठून आजचे स्पेल निवडतो. तो भाग इथे उगाळत नाही. बाकीचे फरकही पटकन उरकू. विझार्डची जादू इंटेलिजन्सवर चालते, सॉर्सररची करिझ्मावर. दोघांचा हिट डाय, म्हणजे अंगात जीव किती ते ठरवणारा फासा, डी-६ (सहा बाजूंचा), दोघंही दोन फटक्यांत आडवे. सॉर्सररला कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) एक जास्त. सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचे फासे) वेगवेगळे. हे सगळं पात्राच्या शीटवर छापलेलं असतं आणि त्यात कुणी चुकत नाही. तरी "विझार्ड शिकलेला, सॉर्सरर जन्मजात" एवढं एक वाक्य पाठ करून विषय संपला असं समजणारे फार. वाक्य खरं आहे. पण खेळताना त्याने काय बदलतं हे विचारलं की टेबलावर शांतता.

बदलतं ते असं. तिसऱ्या आवृत्तीत विझार्डला एकेका स्लॉटमध्ये (दिवसभरात स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीत) एकेक स्पेल सकाळीच भरून ठेवावा लागे. दोन फायरबॉल हवे असतील तर दोन वेगळे स्लॉट त्याच्या नावे. सॉर्सररला ही कटकट नव्हती. येत असलेल्यांपैकी कुठलाही स्पेल, हवा तेव्हा, आणि दिवसाला स्लॉटही जास्त. तेव्हाचा फरक आंधळ्यालाही दिसेल असा होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती मोकळीक विझार्डलाही देऊन टाकली. तयार केलेल्यांपैकी कुठलाही स्पेल कुठल्याही स्लॉटमधून. वर दोघांचे स्लॉटही सारखे केले. सॉर्सररचं ठळक वैशिष्ट्य असं शेजाऱ्याला वाटलं गेलं, आणि तेव्हापासून लोक त्याच्याकडे वही नसलेला गरीब विझार्ड म्हणून बघतात.

२०१४ च्या नियमांतले आकडेही वरवर तेच सांगतात. सातव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स १८ असलेला विझार्ड घ्या. त्याच्या वहीत कमीत कमी १८ स्पेल असतात आणि रोज त्यातले ११ तयार. उद्या वेगळे ११. सापडलेल्या दुसऱ्या वहीतून उतरवून घ्यायचे झाले तर स्पेलच्या दर पातळीमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी, की वही आणखी जाड. त्याच लेव्हलच्या सॉर्सररला येतात ८. आज ८, उद्याही तेच ८. बदल करायचा तर लेव्हल चढताना, तोही एकाच स्पेलचा. विसाव्या लेव्हलला विझार्डच्या वहीत किमान ४४, सॉर्सररकडे १५.

मग सॉर्सररने काय कमावलं? मेटामॅजिक. लोक याला शोभेची वस्तू समजतात आणि इथेच चुकतात. विझार्ड स्पेल बदलतो, सॉर्सरर स्पेल वाकवतो. २०१४ च्या नियमांत लेव्हलइतके सॉर्सरी पॉइंट आणि तिसऱ्या लेव्हलला मेटामॅजिकचे दोन प्रकार. ते खर्चून तोच स्पेल लांबून टाकता येतो, दोघांवर एकदम टाकता येतो, झटपट टाकता येतो, किंवा तोंड न उघडता आणि हात न हलवता टाकता येतो. माझ्या मते गुप्त मंडळाच्या प्रमुखाला यातला शेवटचा, सटल स्पेल, सोडून दुसरा प्रकार आधी देणं हा गुन्हा आहे. काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल, टाकायला समोरचा स्पेल टाकताना दिसावा लागतो. दिसलंच नाही तर अडवणार काय? दरबारात, सगळ्यांसमोर, हसतमुखाने जादू करणं विझार्डला जमणार नाही. विझार्ड पुटपुटणार, बोटं वाकडी करणार, आणि पहारेकरी मान वळवणार.

यातही एक मेख आहे, ती कुणी बघत नाही. २०१४ च्या नियमांत सटल स्पेल शब्द आणि हातवारे काढून टाकतो, साहित्य नाही. चार्म पर्सन या मोहिनी घालणाऱ्या स्पेलला साहित्य लागत नाही, म्हणून तो पूर्ण अदृश्य होतो. पण तासाभराने उतरला की समोरच्याला कळतं की आपल्यावर याने जादू केली होती. गुप्त मंडळ चालवायला याहून वाईट स्पेल शोधून सापडणार नाही. सजेशन (समोरच्याला सुचवलेलं करायला लावणारा स्पेल) आठ तासांपर्यंत टिकतो आणि उतरताना असं काही सांगून जात नाही, पण त्याला सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा, नाहीतर जादूचा फोकस (साहित्याऐवजी चालणारी वस्तू, जशी काठी), हातात लागतो. बघणाऱ्याला ते दिसू शकतं. म्हणून माझा एल्फ कायम काठी घेऊन चालतो. चारशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या काठीकडे माणसं संशयाने बघत नाहीत. (एल्फांच्या हिशेबात चारशे म्हणजे म्हातारपण नव्हे, ते साडेसातशेपर्यंत जगतात. पण मंडळातल्या माणसांना हे कुठे माहीत?)

आता मंडळाकडे वळू, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. अशा प्रमुखाला लोक सवयीने काय काय देतात? नव्या सदस्याला शपथेत बांधायला गीआस. फितुराची आठवण पुसायला मॉडिफाय मेमरी. दूरच्या शाखेला निरोप पाठवायला सेंडिंग. सगळ्यांवर नजर ठेवायला स्क्राइंग. यातला एकही स्पेल २०१४ च्या सॉर्सररच्या मूळ यादीत नाही. चारही विझार्डच्या यादीत आहेत. आणखी वाईट म्हणजे मेणबत्त्या, वर्तुळ आणि काळे झगे घालून जो विधी तुम्ही तीन पानं वर्णन करून लिहिलात, तसा रिच्युअल म्हणून स्पेल टाकण्याची सोयच या सॉर्सररला नाही. विझार्डला आहे, तोही सकाळी तयार न करता थेट वहीतून.

यावर कपाळाला हात लावू नका. मला तर हीच गोष्ट आवडते. विझार्डला मंडळ लागतंच कशाला? वही आणि दार लावून घ्यायला खोली मिळाली की तो खूश. त्याच्याभोवती संस्था उभी राहिलीच तर ती शाळेसारखी असते. या खेळाच्या फरगॉटन रेल्म्स नावाच्या जगातल्या थाय देशाचे रेड विझार्ड बघा, जादूच्या आठ शाखा आणि प्रत्येकीचा एक झुल्किर, म्हणजे प्रमुख. गुरू गेला तरी वह्या उरतात. सॉर्सररला मात्र आपली विद्या शिकवता येत नाही. ड्रॅगनचं रक्त असो की अंगात मुरलेली बेभरवशाची वाइल्ड मॅजिक, ती दीक्षा देऊन दुसऱ्यात उतरत नाही. शिवाय त्याला येतात मोजके स्पेल. म्हणून त्याला माणसं लागतात. शपथ बांधायला एक क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा), आठवणी पुसायला एक बार्ड (गाण्याबजावण्यातून जादू करणारा), आणि निरोपांसाठी कदाचित एक पगारी विझार्डसुद्धा. मंडळ का आहे, या प्रश्नाचं उत्तर असं कॅरेक्टर शीटमधूनच मिळतं. सदस्यांना तो वर्षानुवर्षं सांगत आलाय की पुढच्या पायरीवर तुम्हालाही ही शक्ती मिळेल. मिळणार नाहीये. आजोबा याच आशेवर गेले, आता नातू झाडू मारतोय, आणि प्रमुखाच्या चेहऱ्यावर सुरकुतीही नाही.

ज्यांना जादूगारच सगळं करणारा हवा असेल त्यांनी सरळ विझार्ड लिहावा, त्यात कमीपणा नाही. मधला मार्ग २०२० मध्ये आलेल्या अ‍ॅबरंट माइंड या सॉर्सररच्याच उपक्लासचा. त्याला सेंडिंग मिळतो, मनातल्या मनात बोलता येतं. चांगला आहे, पण मला जरा जास्तच सोयीचा वाटतो.

कुठला एल्फ घ्यायचा हा किरकोळ प्रश्न. २०१४ मध्ये हाय एल्फला इंटेलिजन्स आणि विझार्डची एक कॅन्ट्रिप मिळते, ड्राउला (जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांना) करिझ्मा. सॉर्सररला ड्राउ बरा. वॉरलॉक तिसराच प्राणी आहे, त्याने कुणाकडून तरी जादू उधार घेतलेली असते. त्याला इथे आणू नका. आणि २०२४ च्या पुस्तकात सॉर्सररचेही स्पेल "तयार" केलेले म्हणून छापलेत, त्या शब्दाने फसू नका. विझार्ड ते रोज बदलू शकतो, सॉर्सरर अजूनही लेव्हल चढताना एकच. मात्र तिथे त्याला येत असलेला रिच्युअल स्पेल विधी म्हणून टाकता येतो, आणि सटल स्पेल स्वस्त साहित्यही काढून टाकतो, तेव्हा त्यासाठी काठीची गरज नाही.

तळघरातलं पुस्तक मात्र राहू द्या. फक्त ते स्पेलबुक नको, मंडळाची नोंदवही करा. चारशे वर्षांची नावं, कुणी कुणाला आणलं, कुणाचे पैसे कुठे गेले. खेळाडू नेहमीच्या सवयीने धावत खाली जातील, पुस्तक दिसताच पेटवतील. एल्फ जिन्यावर काठी टेकून उभा राहील आणि त्यांचे मनापासून आभार मानेल.